जमिनीचा गलबला आणि सोन्याची हांक

“चकाकतें तेवढें सोनें नसतें” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जें सोनें मातीखालीं दडलेलें असतें तें मुळींच चकाकत नाहीं. तें डोळ्यांनीं हेरतां येत नाहीं, हातांनीं चांचपतां येत नाहीं. यंत्राच्या साहाय्यानें कानांनींच ओळखावें लागतें. आणि कानांची अडचण अशी कीं, यंत्राला लावलेल्या कानांत सोन्यापेक्षां जमीनच अधिक बोलत असते. या गलबल्यांतून खरी हांक कशी निवडावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहतां विषय सोन्याचा दिसतो. परंतु खरोखर तो विवेकाचा आहे, व म्हणूनच तो विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांत व्हिक्टोरिया नांवाचें राज्य आहे. तेथें सोनें सांपडल्याची वार्ता १८५१ सालीं पसरली आणि देशोदेशींचे लोक बॅलरॅट, बेंडिगो, डनॉली इत्यादि ठिकाणीं लोटले. त्या प्रदेशांत सोनें केवळ कणांच्या रूपानें नव्हे, तर लहानमोठ्या गोळ्यांच्या रूपानेंहि मिळतें. ५ फेब्रुवारी १८६९ रोजीं मोलिआगुल गांवाजवळ जॉन डीसन व रिचर्ड ओट्स या दोघांस एक प्रचंड गोळा मिळाला. ‘वेलकम स्ट्रेंजर’, म्हणजे ‘सुस्वागत पाहुणा’, या नांवानें तो प्रसिद्ध आहे. त्यांतून सुमारें ७१ किलोग्रॅम शुद्ध सोनें निघालें. आणि आश्चर्य हें कीं, तो मातीखालीं अवघा इंचभर होता! पुढें १९८० सालीं त्याच टापूंत, किंगोवर येथें, धातुशोधक यंत्राच्या साहाय्यानें २७ किलोग्रॅमहून अधिक वजनाचा ‘हँड ऑफ फेथ’ नांवाचा गोळा सांपडला. सव्वाशें वर्षें माणसांनीं तुडविलेल्या प्रदेशांत हें धन पायांखालीं स्वस्थ पडून होतें. तेव्हां सोनें होतें हें खरें. उणीव होती ती त्याची हांक ऐकण्याच्या साधनाची.

यंत्राचें तत्त्व

धातुशोधक यंत्राचा मुख्य भाग म्हणजे दांड्याच्या टोकाला बसविलेलें तांब्याच्या तारेचें एक चपटें वेटोळें होय. त्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळें विद्युद्वाहकांत प्रवाह उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं सिद्ध केलें. मातीखालीं धातूचा खडा असेल तर त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे लहान लहान प्रवाह फिरूं लागतात. त्या प्रवाहांचें स्वतःचें असें एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असतें. तें वर येऊन वेटोळ्यास भिडतें, आणि यंत्र त्या फेरबदलाचें आवाजांत रूपांतर करितें.

यावरून एक गोष्ट प्रथमच ध्यानांत घेतली पाहिजे. यंत्र सोनें ओळखीत नाहीं. तें फक्त “येथें कांहीं तरी विद्युद्वाहक किंवा चुंबकीय आहे” एवढेंच सांगतें. सोन्याची परीक्षा करण्याचें काम माणसाचेंच उरतें.

जमीन कां बोलते?

माती जर केवळ वाळू व चिकणमाती यांची बनलेली असती, तर हा सर्व खटाटोप फार सोपा झाला असता. परंतु व्हिक्टोरियाची व पश्चिम ऑस्ट्रेलियाची सोन्याची भूमि बहुधा तांबडी व लोहयुक्त आहे. तिच्यांत मॅग्नेटाइट व मॅगहेमाइट हीं खनिजें असतात. लोखंड व प्राणवायु यांच्या संयोगानें बनलेलीं हीं खनिजें चुंबकीय असल्यामुळें यंत्राच्या क्षेत्राला तींहि उत्तर देतात. आपल्या कोंकणांतील जांभा व देशावरील काळा पाषाण हेहि लोहयुक्त आहेत. अशा जमिनीवर यंत्र फिरविणाऱ्यासहि हाच त्रास व्हावयाचा.

शिवाय कांहीं दगड भोंवतालच्या मातीहून अधिक लोहयुक्त असतात. असा दगड वेटोळ्याखालीं आला म्हणजे तो अगदीं धातूसारखा ओरडून नवशिक्यास फसवितो. खारट जमीन पावसानें भिजली म्हणजे तीहि विद्युद्वाहक होऊन कुरकुर करूं लागते. आकाशांतील विजा, जवळच्या विजेच्या तारा व दुसरीं यंत्रें यांचाहि उपद्रव असतोच. परंतु हा शेवटचा उपद्रव ओळखण्याची युक्ति सोपी आहे. वेटोळें अगदीं स्थिर धरावें. तें हालत नसतांनाहि आवाज चालूच राहिला, तर दोष खालच्या मातीचा नसून बाहेरचा आहे असें समजावें.

जमिनीचें बोलणें दोन प्रकारचें असतें. कांहीं खनिजकण यंत्राचें क्षेत्र बंद होतांच तें विसरून जातात. दुसरे अत्यंत सूक्ष्म कण तें सावकाश विसरतात. त्रास मुख्यतः या दुसऱ्यांचा होतो. कारण सोन्याच्या खड्यांत फिरणारे प्रवाहहि क्षेत्र बंद झाल्यावर थोडा वेळ रेंगाळतात. घंटेवर टोला दिल्यावर नाद कांहीं काळ घुमत राहतो, तसेंच हें आहे. एकाच वेळीं दोन घंटा घुमत असल्या, तर कोणता नाद कोणत्या घंटेचा, हें ठरवावयाचें कसें?

याचें उत्तर गणितांत आहे. धातूचा नाद ठराविक काळांत निम्मा झाला, तर तेवढाच काळ पुन्हां गेल्यावर तो पाव होतो, व आणखी तेवढ्याच काळानें अष्टमांश होतो. जमिनीचा नाद मात्र निराळ्या चालीनें उतरतो. क्षेत्र बंद झाल्यापासून गेलेला काळ दुप्पट झाला कीं तो सुमारें निम्मा, काळ चौपट झाला कीं पाव, अशी त्याची रीत आहे. हा सर्व प्रकार सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजावा इतक्या त्वरेनें घडतो. परंतु यंत्र त्या अवधींत निरनिराळ्या क्षणीं नाद मोजून, जमिनीच्या चालीनें उतरणारा भाग वजा करूं शकतें. गेल्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियांतील मायनलॅब या संस्थेंत ब्रूस कँडी या शास्त्रज्ञानें या तत्त्वावर जीं यंत्रें रचिलीं, त्यांमुळें पूर्वीं निरुपयोगी म्हणून सोडलेल्या जमिनीहि पुन्हां शोधतां येऊं लागल्या.

परंतु या वजाबाकीची एक किंमत द्यावी लागते. एखाद्या विशिष्ट आकाराच्या खड्याचा नाद योगायोगानें जमिनीच्या नादासारखाच उतरत असेल, तर जमिनीबरोबर तोहि वजा होऊन जातो. याकरितां जाणते लोक तीच जमीन यंत्राची मांडणी बदलून पुन्हां तपासतात. यंत्र मुकें राहिलें म्हणजे खालीं कांहींच नाहीं असें सिद्ध होत नाहीं.

आधारस्वर

गवई गावयास बसला म्हणजे आधीं तंबोरा जुळवितो. धातुशोधकासहि तसाच एक अखंड, मंद आधारस्वर कानांत ठेवावा लागतो. खोल पुरलेला खडा मोठ्यानें ओरडत नाहीं. तो त्या आधारस्वरास केवळ किंचित् हेलकावा देतो. आधारस्वरच अस्थिर असेल, तर तो हेलकावा ऐकूं येणें शक्य नाहीं.

म्हणून कामास आरंभ करण्यापूर्वीं जमिनीशीं यंत्राचा मेळ घालितात. धातु नसलेली मोकळी जागा पाहून वेटोळें जमिनीवर वरखालीं करावें. वर नेतांना व खालीं आणतांना आवाज बदलत असेल, तर तो बदल नाहींसा होईपर्यंत यंत्र जुळवावें. थोड्याथोड्या अंतरावर मातीचा पोत बदलतो, त्यामुळें ही जुळणी एकदांच करून भागत नाहीं. त्याचप्रमाणें वेटोळें फिरविण्याची गति संथ व जमिनीपासूनची उंची सारखी ठेवावी. हात घाईनें हालला, झुलत्या पाळण्याप्रमाणें दोन्ही टोकांस वर उचलला, कीं गलबला वाढतो. आणि तो गलबला जमिनीचा नसून आपल्याच हाताचा असतो.

खऱ्या हांकेच्या चार परीक्षा

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आवाज आला, पुढें काय करावें?

पहिली परीक्षा पुनरुक्तीची. वेटोळें त्याच जागेवरून सावकाश मागेंपुढें न्यावें. खरी वस्तु दोन्ही वेळां त्याच ठिकाणीं बोलते. जो आवाज एकदां येतो व पुन्हां येत नाहीं, अथवा हाताच्या गतीबरोबर जागा बदलतो, तो बहुतेक गलबलाच असतो.

दुसरी परीक्षा दिशेची. पूर्वपश्चिम फिरविलें असेल तर आतां दक्षिणोत्तर फिरवून पाहावें. आटोपशीर खडा कोणत्याहि बाजूनें ऐकला तरी एकाच बिंदूवर बोलतो. लोहयुक्त मातीचा पट्टा मात्र आडवा ओलांडतांना बोलतो व त्याच्या लांबीच्या दिशेनें जातांना नुसताच गुणगुणत राहतो. लांब खिळा किंवा तारेचा तुकडाहि दोन दिशांनीं दोन तऱ्हांचे आवाज देऊन आपली जात उघड करितो.

तिसरी परीक्षा उंचीची व शेजारच्या जमिनीची. वेटोळें हळूहळू वर उचलावें. खऱ्या वस्तूचा आवाज क्षीण होत जातो, पण त्याची घडण तशीच राहते. जो आवाज बाजूस सरकवितांना फारसा बदलत नाहीं, परंतु किंचित् वरखालीं करतांच मोठ्या जागेवर बदलतो, तो जमिनीचा. नंतर हातभर बाजूला जाऊन पुन्हां मेळ घालावा व परत त्या जागीं यावें. केवळ मातीचा पोत बदलल्यामुळें आलेला आवाज पुष्कळदां येथेंच गळून पडतो.

चौथी परीक्षा मातीची. हीच सर्वांत विश्वासाची आहे. संशयित जागेवरील माती दोनतीन अंगुळें खरवडून बाजूस करावी व पुन्हां ऐकावें. खालीं खरी वस्तु असेल तर आवाज अधिक मोठा व अधिक टोंकदार होतो. गलबला असेल तर तो नाहींसा होतो, पसरतो, किंवा पूर्वींइतकाच राहतो.

असें कां व्हावें? खरवडण्यानें वस्तु वेटोळ्याच्या जवळ येते. जमीन मात्र जवळ येत नाहीं, कारण वेटोळें पूर्वींहि जमिनीला लागूनच होतें व आतांहि लागूनच आहे. वस्तूला एक ठाव असतो. गलबल्याला ठाव नसतो. सर्व परीक्षांचें मर्म या एका वाक्यांत आहे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं आकडेमोड देतों. वेटोळ्याची त्रिज्या १४ सेंटीमीटर आहे व लहानसा खडा त्याच्या मध्याखालीं बरोबर २० सेंटीमीटर खोल आहे असें समजा. त्रिज्येचा वर्ग व खोलीचा वर्ग यांची बेरीज १९६ अधिक ४००, म्हणजे ५९६ होते. ५ सेंटीमीटर माती काढल्यावर तीच बेरीज १९६ अधिक २२५, म्हणजे ४२१ होते. खड्याच्या उत्तराचा जोर या बेरजेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. ५९६ ला ४२१ नें भागून येणाऱ्या संख्येचा घन केला तर सुमारें २.८ येतो. म्हणजे चार बोटें माती काढतांच खड्याचा आवाज पावणेतीन पटींहून अधिक वाढला! जमिनीचा आवाज मात्र होता तेथेंच राहिला. क्षीण आवाज ऐकून निघून जाणारा आणि क्षीण आवाज ऐकून चार बोटें माती सरकविणारा, या दोघांच्या नशिबांतील अंतर एवढेंच आहे.

खरी हांक, पण सोनें नव्हे

चारी परीक्षा उतरल्या म्हणजे सोनेंच मिळेल असें कोणी समजूं नये. जुन्या खाणींच्या जागीं खिळे, बंदुकीचे छरे, शिशाच्या गोळ्या, डब्यांचीं झांकणें, बुटांच्या चुका यांचा सडा पडलेला असतो. त्यांची हांकहि खरीच असते. ती फक्त सोन्याची नसते. लोखंड चुंबकास चिकटतें, म्हणून शोधक आपल्या कुदळीला चुंबक बसवून ठेवितात. शिसें मात्र चिकटत नाहीं, व त्याचा आवाज सोन्याहून ओळखणें कठीण असतें. “हा आवाज कचऱ्याचा” असा निवाडा कांहीं यंत्रें स्वतःच देतात. परंतु लोहयुक्त जमिनींत हा निवाडा पुष्कळदां चुकतो व लहान सोनें लोखंड म्हणून गणलें जातें. म्हणून मुरलेले शोधक खरी ठरलेली प्रत्येक हांक खणून पाहतात. मग उकरलेली माती खोऱ्यांत घेऊन ती वेटोळ्यावरून न्यावी. हांक आल्यास मातीचे दोन भाग करून बोलणारा भाग ठेवावा, मुका टाकावा. असें करीत करीत शेवटीं तळहातावर चिमूटभर माती व तिच्यांत ती वस्तु उरते. डोंगर पोखरून उंदीर निघण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. परंतु उंदरास भिऊन डोंगर सोडणाऱ्यास दुसरें कांहींच मिळत नाहीं.

एक जुना दाखला

गलबल्याचें मूळ नेहमीं जमिनींतच असतें असें नाहीं. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टन येथें गोळी झाडण्यांत आली. गोळी शरीरांत कोठें अडकली आहे हें डॉक्टरांस कळेना. त्या वेळीं क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता. तेव्हां टेलिफोनचे कर्ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं विद्युत्-प्रवर्तनावर चालणारें एक धातुशोधक साधन तयार करून जुलैच्या अखेरीस व पुन्हां १ ऑगस्ट रोजीं अध्यक्षांच्या शरीरावर फिरविलें. आवाज आला, परंतु तो मोठ्या जागेवर पसरलेला होता. एका बिंदूवर ठरेना. मागाहून कळलें कीं, अध्यक्षांच्या गादीखालीं पोलादी तारांची दुसरी गादी होती! शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांचा ग्रह गोळी उजव्या बाजूस आहे असा झालेला असल्यामुळें शोध त्याच बाजूचा झाला. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष मरण पावले, व शवपरीक्षेंत गोळी डाव्या बाजूस आढळली. साधन खोटें नव्हतें. परंतु खालचा गलबला दूर केलेला नव्हता, आणि शोधाची जागा शोधापूर्वींच ठरविलेली होती. यंत्र कितीहि चांगलें असलें तरी पूर्वग्रहावर त्याचा इलाज चालत नाहीं.

जेथें प्राणाशीं गांठ आहे

सोन्याच्या शोधांत चूक झाली तर दिवस फुकट जातो, एवढेंच. परंतु हीच विद्या दुसऱ्या एका कामीं लागते व तेथें चुकीचा दंड फार कठोर आहे. युद्धें संपलीं तरी भूमींत पेरलेले सुरुंग संपत नाहींत. कंबोडियाच्या शेतांत लढाई थांबल्यावर कित्येक वर्षांनीं नांगरणाऱ्यांचे व गुरें राखणाऱ्या मुलांचे पाय गेले. कित्येक सुरुंगांत धातु अगदीं थोडा, क्वचित् सुईच्या तुकड्याएवढाच असतो. आणि तेथील तांबडी, लोहयुक्त माती यंत्राच्या कानांत सारखी ओरडत असते. सुरुंग काढणाऱ्यास कोणतीहि हांक “जमिनीची असेल” म्हणून सोडून देतां येत नाहीं. उलट प्रत्येक गलबल्यास भिऊन थांबल्यास शेत मोकळें व्हावयास पिढ्या लागतील. १९९७ सालच्या ओटावा करारानें पुष्कळ राष्ट्रांनीं असे सुरुंग वापरण्याचें सोडलें. परंतु आधींच पुरलेले सुरुंग कोणी तरी गुडघे टेकून, वितीवितीनें ऐकूनच काढावे लागतात. जमिनीचा गलबला वजा करणारीं यंत्रें सोन्याच्या शोधकांप्रमाणें या लोकांच्याहि हातीं आलीं, हा या विद्येचा सोन्याहून मोठा लाभ आहे असें आम्ही समजतों.

कायदा व घरचा प्रयोग

हा लेख वाचून कोणाच्या मनांत गुप्तधनाचें वेड शिरूं नये, म्हणून दोन शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे. व्हिक्टोरियांतहि वाटेल त्यानें वाटेल तेथें खणावें असें नाहीं. ‘मायनर्स राइट’ नांवाचा परवाना तेथें १८५५ पासून चालत आला असून तो घ्यावा लागतो, व खणलेला खड्डा बुजवावा लागतो. आपल्या देशांत, जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक मोलाचें द्रव्य सांपडल्यास तें जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें, असा १८७८ चा कायदा आहे. किल्ले, लेणीं व इतर संरक्षित स्थळें येथें परवानगीवांचून खणणें हा तर गुन्हाच होय.

परंतु जमीन कां बोलते हें पाहण्यास यंत्राची किंवा परवान्याची जरूर नाहीं. एक चुंबक कागदांत गुंडाळून ओढ्याच्या कोरड्या वाळूंतून फिरवावा. कागदाला बारीक काळे कण दाढीसारखे चिकटतील. त्यांतील पुष्कळसे मॅग्नेटाइटचे असतात. नंतर एक लोखंडी खिळा व तांब्याच्या तारेचा तुकडा त्याच चुंबकाजवळ न्यावा. खिळा धांवतो, तांबें हालत नाहीं. सोन्याचेंहि तसेंच असतें. जो कण आपण होऊन चुंबकाकडे धांवतो तो गलबला करणारा, आणि ज्याला शोधावयाचें तो मुकाट पडलेला, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे वरील सर्व विवेचन सहज समजेल.

उथळ पाण्याला खळखळाट फार, असें आपले वडील सांगत आले. जमिनीवरहि तोच नियम दिसतो. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, कानांवर येणारी कोणतीहि गोष्ट, मग ती वर्गांतील कुजबूज असो, बाजारांतली अफवा असो वा आपल्याच मनांतील शंका असो, याच चार कसोट्यांस लावून पाहा. ती पुन्हां विचारली असतां तीच राहते काय? दुसऱ्या बाजूनें ऐकली तरी तशीच ऐकूं येते काय? शेजारच्या साध्या गोष्टींशीं ताडून पाहिली असतां टिकते काय? आणि वरची माती थोडी बाजूस केल्यावर ती अधिक स्पष्ट होते, कीं विरून जाते? जी विरून जाते तिच्यापायीं दिवस घालवूं नका. जी स्पष्ट होत जाते ती कितीहि क्षीण असली, तरी खणल्यावांचून सोडूं नका.